करुणाने केलेली चुकीची खूण

मे महिन्यातला मंगळवार. सकाळी साडेसातला करुणाचा फोन आला.

"रेश्मे, हातातलं टाक आणि सांगवीला ये."

"काय झालं?"

"चुकले मी. लई मोठं चुकले. सावळाराम आबांची पाण्याची पाळी संपायच्या आत ये."

आवाजात रडू नव्हतं. आनंद होता. आपण चुकलो म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. बारामतीहून स्कूटी काढली.

करुणा माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही एका बाकावर बसायचो. मी मराठी घेऊन एम.ए. झाले. ती पहिल्या वर्षानंतर लग्न होऊन सांगवीला गेली आणि तेविसाव्या वर्षी अंगणवाडी सेविका झाली. त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गावातली अडीचशे तरी पोरं तिच्या हाताखालून गेली. ती कुठल्याही पोराबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. समाधानराव, तिचे यजमान, म्हणतात, "आमच्या घरात जेवताना भाजीचं नाव निघत न्हाय. पोरांचीच निघत्यात."

तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भवानीनगर. वडील, बुद्धघोष, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. लहानपणी करुणाला सगळं पाठ व्हायचं. चौथ्या वर्षी त्रिशरण-पंचशील. पहिलीत तीसपर्यंतचे पाढे. पाव्हणे आले की वडील हाक मारायचे, "करुणा, म्हणून दाखव." ती भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणायची. पाव्हणे तोंडात बोटं घालायचे. आजी ताईबाई मीठ-मोहऱ्या उतरायची.

दहावीला ती शाळेत पहिली आली. बारावी सायन्सला फिजिक्समध्ये नापास झाली.

"प्रश्न फिरवून आलते," तिने मला सांगितलं होतं. "पुस्तकातलं अख्खं पान डोळ्यांपुढं होतं. कुठल्या ओळीखाली रेघ मारलीय ते दिसत होतं. पण त्या पानाचं करायचं काय, ते सुचंना."

नंतर ती पुन्हा परीक्षेला बसली, पास झाली, आर्ट्सला आली. पण ते पान ती विसरली नाही. म्हणून तिच्या अंगणवाडीत नुसती गाणी नसतात. तिचे स्वतःचे खेळ आहेत. एक टॉवेलचा खेळ. चमचा, किल्ली, बांगडी, खडू, पेन्सिल मांडायची. पोरांनी बघायचं. वर टॉवेल टाकायचा, गुपचूप एक वस्तू काढायची. कुठली गेली ते पोरांनी ओळखायचं. प्रत्येक पोराचं एक पान तिच्या वहीत असतं. कोण काय विसरतं, कोण काय विचारतं, सगळं त्यात.

त्या वहीत दोन पानं लागोपाठ होती. अविराज आणि दिशा. चुलत भावंडं, एकाच घरातली, सावळाराम आबांची नातवंडं. दोघंही सहाव्या वर्षात.

अविराज म्हणजे आबांचा अभिमान. एक ते शंभर अंक, वारांची नावं, महिने, सोळा गाणी. पाव्हणे आले की आबा त्याला खुर्चीवर उभं करायचे. मग शेजारी दिशा दिसायची. पाव्हणे सहज म्हणायचे, "आणि तू गं बाय?" दिशा फ्रॉकचं टोक चावायची. आबा विषय बदलायचे.

एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मेळावा झाला. पहिलीत जाणाऱ्या पोरांची तयारी बघायचा. वर्गात टेबलं मांडलेली. एका टेबलावर चित्रं, एका टेबलावर अंक, एका टेबलावर गाणी. पोरानं टेबलाटेबलावर जायचं आणि त्याच्या कार्डावर खूण व्हायची. स्वतः करतो, मदतीने करतो, करत नाही. स्मरणशक्तीच्या टेबलावर करुणाच बसली होती. टॉवेल घेऊन.

दिशानं वस्तूंकडे बघितलं. करुणानं टॉवेल टाकला, किल्ली काढली.

"काय गेलं?"

दिशा गप्प.

पुन्हा एकदा. पुन्हा गप्प. मागे रांग लागली होती. करुणानं 'करत नाही'वर खूण केली.

पुढच्या टेबलावर गाणं म्हणायचं होतं. दिशा तिथंही पायाकडे बघत राहिली. आबा दारात उभे होते. त्यांनी आत येऊन तिचा हात धरला, कार्ड घेतलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करुणाला निरोप दिला. अविराजचं नाव घाला. दिशा एक वरीस घरीच ऱ्हाऊ द्या, पुढं बघू. दिशाचा बाप एमआयडीसीत पाळीवर असतो, आई दूधसंकलनाला जाते. त्या घरात शाळेचं आबाच ठरवतात.

करुणा तीन वेळा त्यांच्या घरी गेली. आबा दरवेळी कार्ड काढायचे.

"ताई, ही खूण कुणाची?"

"माझीच."

"मग झालं की. तुमीच म्हणताय पोरीला ध्यानात ऱ्हात न्हाय. भावासंगं एका वर्गात बसवून रोज तिचं हसं करू का?"

त्यांचं चुकत नव्हतं, असं करुणा म्हणायची. त्यांचा नातीवर जीव होता. तिला कुणी हसलेलं नको होतं. पण घरी राहिली असती तर दिशा अंगणवाडीतही येऊ शकली नसती. सहा पूर्ण झाली की तिथलं नाव निघतं. आणि आणखी एक झालं होतं. तिसऱ्या वेळी करुणा निघताना दिशा दारापर्यंत आली आणि हसत हसत म्हणाली, "ताई, मी मठ्ठ हाय ना, म्हणून शाळंत न्हाय जायचं."

हे सांगताना करुणाचा आवाज पहिल्यांदा पडलेला मी ऐकला. "ती हसत होती गं. तिला ते पटलंय."

म्हणून त्या मंगळवारी सकाळी ती चौथ्यांदा गेली होती. आबा घरी नव्हते. कालव्याच्या चारीला पाणी आलं होतं, त्यांची पाळी होती. करुणा थेट रानात गेली. तिथून मला फोन.

मी पोचले तेव्हा ती बांधावर उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चप्पल हातात, पाय चिखलात. मला बघताच तिने तोंडावर बोट ठेवलं. माझ्या हातात तिची वही आणि पेन दिलं.

"फक्त ऐक. आणि लिही. माझ्या खुणेवर माझाच भरवसा न्हाय राहिला."

जानेवारीत ऊस कारखान्याला गेला होता. तोडलेल्या खोडांचा नवा फुटवा, खोडवा, कंबरेपर्यंत आला होता. आबा पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभे. पाटातून प्रत्येक सरीकडे एक तोंड असतं, त्याला दारं म्हणतात. मातीनं बुजवलेलं. दारं मोडलं की पाणी सरीत शिरतं. सरी भरली की दारं बुजवायचं, दुसरं मोडायचं. ऐकायला सोपं. पण आबांच्या रानाला उतार सारखा नाही. पाण्याला जोर असतो तोवर उंच सऱ्या भरून घ्याव्या लागतात. खोल मागं ठेवायच्या. त्यामुळं एकापाठोपाठ एक असं चालत नाही. तीन सोडून एक, दोन मागं, पुन्हा पाच पुढं.

आबांनी एक दारं बुजवलं. कंबर सरळ केली. आणि मान न वळवता विचारलं,

"आता कुठली गं?"

बांधावर दिशा उकिडवी बसली होती. तिने बसल्या जागेवरून हात केला.

"बगळ्याची."

आबा चार सऱ्या चालत गेले. दारं मोडलं. पाणी शिरलं.

मी करुणाकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. तिने नुसती मान हलवली. लिही.

मी लिहीत गेले. प्रत्येक सरीला तिनंच काही बघून नाव दिलेलं. बगळ्याची. मग दगडाची. मग आज्जी पडलेली. मग चपलेची. मध्येच आबा चुकीच्या दाऱ्यावर फावडं उचलून उभे राहिले.

"आबा, ती भरली की! खेकड्याची ऱ्हायली."

"व्हय व्हय." आबा मुकाट खेकड्याच्या सरीकडे गेले.

तासाभरात वहीत माझ्या हातच्या अकरा सऱ्या झाल्या. एकीचंही नाव दोनदा आलं नाही. मी थक्क झाले. मला माझ्या घराच्या गल्लीतली अकरा घरं ओळीनं सांगता येणार नाहीत.

मग करुणा पुढे झाली.

"आबा, राम राम. किती सऱ्या झाल्या?"

आबा दचकले. "ताई? तुमी कवा आलाव? झाल्या असत्याल धा-बारा."

"कुठल्या कुठल्या?"

"आं?"

"भरल्या कुठल्या, ओळीनं सांगा."

आबा पाटाकडे बघायला लागले. "ही... ती पलीकडची... ही आधी, मग ती... आता पाण्यात काय परीक्षा घेता का माझी?"

"दिशा, तू सांग."

दिशानं सांगितलं. पहिल्यापासून. बोटांवर मोजलं नाही, सऱ्यांकडे बघितलंही नाही. मी वहीवर बोट ठेवून जुळवत गेले. बगळ्याच्या आधीच्या पाच मी पोचण्यापूर्वीच्या, त्या करुणानं लिहून ठेवलेल्या. सगळ्या सोळा जुळल्या.

"आबा," करुणा म्हणाली, "तुमी सकाळपासनं कुणाला इचारताय, आता कुठली म्हणून?"

आबांनी फावड्याचा चिखल झटकला.

न्याहारी घेऊन गोजरबाई, आबांची बायको, बांधावर येत होती. तिच्या मागं अविराज. तिने डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता ऐकलं.

"दोन वर्सं झाली की," ती म्हणाली. "ह्यो म्हातारा पोरीला इचारल्याबिगर दारं मोडत न्हाय. तिला ताप आलता तवा निम्मं रान कोरडं ऱ्हायलं. आन घरी जाऊन म्हनतोय, पोरीच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

"तू गप गं," आबा म्हणाले. पण जोर नव्हता त्यात.

मला वाटलं, झालं. जिंकलो. पण करुणा तिथं थांबणारी नव्हती. तिच्यासाठी हे अर्धंच होतं. ती माझ्या कानाशी आली, भराभर बोलायला लागली.

"हे आठवण्याचं झालं. सोळा सऱ्या धरून ठेवणं लई मोठं हाय. पण मलाबी सगळं आठवायचं गं. त्या आठवणीतनं तिला पुढचं काढता येतं का, ते बघायचंय. जे कधी झालंच न्हाय, ते."

ती दिशाजवळ बसली. "दिशा, आबा दर पाळीला दगडाच्या सरीचं दारं इकडनं मोडतात. समज, पाटात इथंच माती घालून पाणी अडवलं. मग दगडाच्या सरीला पाणी कुठनं जाईल?"

"असं न्हाय करत," दिशा म्हणाली.

"न्हाय करत. पण केलं तर?"

दिशा उठली. बांधावर इकडून तिकडे गेली. खाली वाकून बघितलं. गोजरबाईच्या हातात भाकरी तशीच राहिली. अविराज म्हणाला, "मी सांगू?" करुणानं त्याला जवळ ओढून घेतलं.

"चपलेच्या सरीतनं जाईल," दिशा म्हणाली. "ती उंच हाय. तिचा बांध फोडला की दगडाच्यात उतरंल. पर खेकड्याच्यात न्हाय जायचं."

"आबा, घाला माती," करुणा म्हणाली.

"ताई, पाणी काय खेळायला हाय व्हय? पुढल्या पाळीला पंधरा दिस हायेत."

"पाच मिनिटं."

आबांनी एकदा नातीकडे बघितलं. मग पाटात चार फावडी माती टाकली. चपलेच्या सरीचं दारं मोडलं आणि तिचा बांध फोडला.

आधीचं पाणी मुरलेल्या दगडाच्या सरीत नवं पाणी उतरलं. करुणानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. आणि मग खेकड्याच्या सरीतही नवं पाणी चढायला लागलं.

"चुकलं," आबा हळू म्हणाले.

करुणाचा हात सैल झाला. दिशा मात्र कुणाकडे बघतच नव्हती. ती पळत सरीत उतरली. ऊस हातानं बाजूला करत आत गेली. दिसेनाशी झाली. मग आतून ओरडली.

"आबा! हितं बीळ हाय! खेकड्यानं बांध पोखरलाय! म्हणून पाणी आलं!"

आबा फावडं घेऊन आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी फावडं रोवलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"बीळ हाय," ते म्हणाले. "हाताएवढं. म्या म्हनत व्हतो पाणी जातंय कुठं. गेल्या पाळीपासनं हुडकत व्हतो."

करुणा उड्या मारायची बाकी होती. "बघितलंस रेश्मे? ती चुकली, आणि का चुकली ते तिनंच शोधलं! मला बारावीत हेच येत नव्हतं. गणित चुकलं की मी आधीचं पान आठवायची. कुठं गळती हाय ते बघायला आत उतरायचीच न्हाय."

मग ती एकदम खाली बसली. चिखलातच.

"टॉवेलखाली किल्ली का नाही सांगितली तिनं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "किल्लीचं तिला काही करायचंच नव्हतं. चमच्याशेजारी किल्ली, तिच्याशेजारी बांगडी. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? इथं एक सरी विसरली तर दुसरीचं पाणी चुकतं. इथं तिला आठवावंच लागतं. ती विचार करतीय म्हणून तिला आठवतंय. मी नऊ वर्षं आठवण एका टेबलावर बघतीय आणि डोकं दुसऱ्यावर."

मी ते वहीत लिहून घेतलं. तिने नको म्हटलं नाही.

गोजरबाईनं सगळ्यांना भाकरी दिली. अविराज दिशाला विचारत होता, खेकडा दिसला का, केवढा होता. मग त्याने बांधावरून सऱ्या मोजायला सुरुवात केली. त्याचे अंक सऱ्यांपेक्षा पुढे पळत होते. नऊ सऱ्या गेल्या तोवर तो चौदावर होता. दिशानं त्याला थांबवलं. "थांब की. एकीला एकच म्हण." तिने बोट दाखवायचं, त्याने आकडा म्हणायचा, असं दोघं पुढे गेले. करुणा घास तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली. तिने पदरानं हात पुसला, माझ्याकडून वही घेतली आणि अविराजच्या पानावर काहीतरी लिहिलं. अंक पाठ आहेत, पण मोजणं त्यालाही शिकायचंय, एवढंच मला म्हणाली.

आबा मात्र त्या दिवशी हो म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. "रानातलं येगळं, शाळंतलं येगळं."

त्या महिनाभरात करुणानं काय केलं, ते मी फोनवर ऐकत होते. ती रोज संध्याकाळी एका पोराच्या घरी जायची. काही शिकवायची नाही. नुसतं विचारायची, हे पोरगं घरी काय करतं? एकीला गोठ्यातल्या शेळ्या आवाजावरून ओळखू यायच्या. एक आजोबांच्या गोळ्या रंगावरून वेळच्या वेळी काढून द्यायचा. "रेश्मे, ऐक ना," असं म्हणून ती सुरू व्हायची, आणि माझा भात करपायचा.

जूनच्या मध्यात शाळा उघडली. नाव घालायच्या दिवशी सकाळी ती आबांच्या घरी गेली. मीही होते. आबांनी नवा सदरा घातला होता. अविराजचे कागद पिशवीत होते.

"दिशाचे?" करुणानं विचारलं.

"उद्या बघू."

"उद्या न्हाय आबा. आत्ता."

आबांनी कार्ड पुढे केलं. तीच खूण. करुणानं पेन काढलं, आपल्या खुणेवर काट मारली, शेजारी सही केली आणि तारीख घातली. गोजरबाईनं आतून जन्माचा दाखला आणून पिशवीत टाकला. कुणाला न विचारता.

शाळेत मुख्याध्यापिका बाई नव्या होत्या. त्यांनी कार्ड बघून चष्मा वर केला. "ताई, कार्डावर खाडाखोड चालत नाही."

"आणि चूक चालते?" करुणा म्हणाली.

बाई हसल्या. अविराजनं दोन गाणी म्हटली. तिसरं सुरू करणार होता, त्याला थांबवावं लागलं. मग बाई दिशाकडे वळल्या. "बाळ, तू म्हण बरं एखादं."

दिशानं मान खाली घातली. फ्रॉकचं टोक तोंडाकडे गेलं.

वर्गात आणखी आठ-दहा पालक होते. कुणीतरी मागे खुसफुसलं. करुणा काही बोलणार होती, पण तिने ओठ मिटून घेतले. ती आबांकडे बघत होती.

आबा पुढे आले. मला वाटलं, ते आता तिचा हात धरून घेऊन जाणार. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, फॉर्म द्या," ते म्हणाले. "सही कुठं करायची?"

त्यांनी सावकाश सही केली. मोठ्या अक्षरात, रेघेच्या बाहेर जाईल अशी. मग फॉर्म बाईंकडे सरकवला आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"गाण्याचं ऱ्हाऊ द्या. ते तिला व्हत न्हाय. दुसरं काय तर इचारा."

"काय विचारू?" बाई म्हणाल्या.

"ते तुमी ठरवा. तुमची शाळा." आबांनी जरा विचार केला. "पर अवघड इचारा. सोपं इचारलं की तिचं ध्यान जातं."

बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं. खुर्ची ओढून दिशाच्या समोर, अगदी जवळ येऊन बसल्या. दिशानं फ्रॉकचं टोक सोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं.